पाण्यात उतरणारा रस्ता

पवनीपासून अर्ध्या तासावरच्या त्या गावात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ऑटोवाल्याने मला शाळेजवळच उतरवलं.

"घर अजून पुढे आहे ना?" मी विचारलं.

"हाये. पन पुढं ऑटो पलटवाले जागा नाही. रस्ता पाण्यात जाते."

मला वाटलं, पावसाचं पाणी साचलं असेल. चालत पुढे गेले आणि थांबले. चांगला डांबरी रस्ता होता. दोन्ही बाजूंना बेशरमाची झुडपं, मग शेवटचं घर, मग उतार, आणि त्या उतारावरून रस्ता सरळ पाण्यात शिरला होता. विजेचे खांबही त्याच्यासोबत गेले होते. पहिला गुडघाभर पाण्यात, दुसरा कमरेपर्यंत, तिसऱ्याचं नुसतं डोकं वर. त्यापुढे वैनगंगेचं धरणाने अडवलेलं पाणी, हिरवट, न हलणारं, पार दूरपर्यंत. कुजलेल्या जलपर्णीचा वास येत होता.

ते शेवटचं घर माझ्या पेशंटचं होतं.

त्याआधी नऊ वर्षं मी भंडाऱ्यात एका खाजगी दवाखान्यात होते. तिथे माणूस चार दिवस राहायचा. बरा होऊन जायचा किंवा नागपूरला जायचा, नाहीतर आम्ही त्याच्यावर चादर ओढायचो. चेहरे लक्षात राहत नसत, बेडचे नंबर राहत. मग माझी आई आजारी पडली म्हणून मी पवनीला घरी आले. आई गेल्यावर परत जायचं मन झालं नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, एका म्हाताऱ्या बाईंना विसरण्याचा आजार आहे, दिवसभर नर्स हवी, काम लांब चालेल. दवाखान्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, घरची ड्युटी म्हणजे मोलकरणीचं काम, हात खराब होईल तुझा. मलाही तसंच वाटत होतं. सहा महिने करू, असं ठरवून मी गेले.

घरात तीन माणसं होती. आजी सत्तरीच्या पुढच्या, किरकोळ, हातावर हिरवं गोंदण, नजर कायम दाराकडे. त्यांचे मालक, ज्यांना अख्खं गाव बाबूजी म्हणायचं, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. आयुष्य क्वार्टरमध्ये काढून शेवटी गावी घर बांधलं होतं. मुलगा पुण्याला. तिसऱ्या मावशी, शेजारच्या गावच्या, चाळिशीतल्या. त्या संध्याकाळी यायच्या, रात्री आजींजवळ झोपायच्या आणि सकाळी मी आले की जायच्या. आमची गाठ रोज पाच मिनिटांची. रात्री झोप लागली का, पोट साफ झालं का, एवढंच बोलणं.

पहिल्याच दिवशी मला घर विचित्र वाटलं. प्रत्येक दाराला वर, हात पुरणार नाही अशा उंचीवर कडी होती. विहिरीवर पत्रा टाकून त्यावर दगड ठेवले होते. आजींची सगळी लुगडी भडक केशरी नाहीतर लाल. मी विचारलं तर बाबूजी म्हणाले, "दुरून दिसाले पायजे."

"कुठून दुरून?"

ते उठले. माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेले.

दर रविवारी ते उतारावर जाऊन पाण्याच्या काठाला दगडावर चुन्याची रेघ मारत. पाऊस संपता संपता धरणाचे दरवाजे लावले की पाणी चढायला लागे. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या वर, घराच्या जवळ. "दिवाळीपर्यंत कुंपनाच्या चाळीस पावलांवर येते," ते मला म्हणाले होते. हवामान सांगावं तसं, साध्या आवाजात.

आजी दिवसभर शांत असत. वरणभात कालवून दिला की डाव्या बाजूने चावत. लाखोरीची डाळ आवडायची. मला कधी सून समजत, कधी शेजारीण. पण दुपारी चारच्या सुमारास काहीतरी व्हायचं. त्या उठायच्या, पदर खोचायच्या आणि दाराशी जाऊन कडीकडे बघत उभ्या राहायच्या. "जाऊन राहिली मी," एवढंच म्हणायच्या. आधी हळू, मग मोठ्याने, मग दारावर थापा. मी त्यांना पाठीवर हात फिरवून, भजन लावून, मुरमुरे देऊन बसवायची. तासाभराने त्या दमून बसत. पण डोळे दारावरच.

साधारण तिसऱ्या आठवड्यात अंघोळ घालताना मला त्यांच्या मनगटांवर वळ दिसले. दोन्ही हातांवर सारखे, बांगडीसारखे गोल, लालसर. मी नऊ वर्षं नर्स होते. हात बांधल्याचे वळ कसे दिसतात हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या वहीत लिहून ठेवलं आणि खोबरेल लावलं. दोन दिवसांनी वळ ताजे होते.

मग एका सकाळी मी आले तर आजींच्या पायांना चिखल. घोट्यापर्यंत काळा, त्या काठच्याच चिखलाच्या वासाचा. लुगड्याची किनार ओली. मावशी अंगणात वाळत घालायला फडकी पिळत होत्या.

"आजी बाहेर गेल्या होत्या?"

"नाही," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग पाय असे कसे?"

"न्हानीत गेल्या असतीन."

न्हाणीला फरशी होती. मला राग आला. त्यापेक्षा जास्त भीती वाटली. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. ही बाई रात्री झोपते, म्हातारी उठू नये म्हणून तिचे हात बांधते, आणि सुटली की म्हातारी पाण्याकडे जाते. एक दिवस मी येईन तेव्हा पलंग रिकामा असेल आणि केशरी लुगडं त्या खांबांच्या मध्ये कुठेतरी तरंगत असेल. हे चित्र मला कामाला जाताना ऑटोत दिसायचं, भात शिजवताना दिसायचं.

मी बाबूजींसमोर मावशींना विचारलं. आजींचा हात उचलून दाखवला. "हे तुम्ही केलं का?"

मावशींनी एकदा बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी खुर्चीवर बसले होते, खाली जमिनीकडे बघत.

"केलं म्हना," मावशी शेवटी म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या. जाताना आजींच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, ते मला ढोंग वाटलं.

त्या दिवशी मला चांगलं वाटलं होतं. हे मी लपवणार नाही. एखादी जखम वेळेत सापडल्यावर वाटतं तसं. मी पवनीला घरी येऊन भावाला सांगितलंसुद्धा, की शिकलेली नर्स असली की असा फरक पडतो.

दुसरी बाई मिळेपर्यंत रात्री बाबूजीच सांभाळणार होते. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वळ पुन्हा होते, आधीपेक्षा खोल. एका जागी कातडी सोलली होती. आजी आता चारची वाट बघत नव्हत्या. सकाळपासूनच दाराशी. त्या जेवेनात. माझा हात लागला की दचकायच्या. घरात त्या दोघांशिवाय तिसरं माणूस नव्हतं, तरी मला हे समजायला, खरं सांगायचं तर मान्य करायला, आणखी दोन दिवस लागले.

त्या दिवशी गावात लग्न होतं म्हणून ऑटो लवकर निघाला. मी सातच्या आधीच पोचले. उन्हं नुकतीच आली होती, विहारातली सकाळची वंदना भोंग्यावरून ऐकू येत होती. खिडकीतून मला बाबूजी दिसले. आजींच्या पलंगाशी गुडघ्यावर बसून ते त्यांच्या मनगटाची गाठ सोडत होते. जुन्या धोतराची पट्टी, मऊ केलेली, घडी घातलेली. गाठ सुटेना. ते तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, वंदनेच्या लयीत नाही, वेगळंच. जवळ गेल्यावर मला ऐकू आलं. "झालं, झालं, सोडतो, झालं."

मी दार वाजवलं. त्यांनी उघडलं, पट्टी हातातच होती. ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"मावशींना तुम्ही बोलू दिलं नाही," मी म्हणाले.

"मी हात जोडले होते तिले. कोनाले सांगू नको म्हनून." ते पलंगाच्या कडेवर बसले. "दोन सालं झाले. मी इथं ओसरीत पेपर वाचत होतो. मान वर केली त ही रस्त्यानं चालली. मले वाटलं, काठापासून वापस येईन. ती थांबलीच नाही सिस्टर. जशी रस्त्यानं चालते तशी पाण्यात चालत गेली. मी पोचलो तवा पानी गळ्याले लागलं होतं. मासोळ्या धरनाऱ्या ढिवराचा डोंगा जवळ होता म्हनून सापडली. तवापासून मी डोळा लावला नाही."

"कुठे जायचं असतं त्यांना?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. एवढे दिवस मी विचारलाच नव्हता.

"माहेरी," ते म्हणाले. "याच रस्त्यावर होतं तिचं गाव. दोन मैल. धरनात गेलं. लोक पुनर्वसनात गेले, गाव खाली राहलं. हिले आता ते आठवत नाही. हिच्यासाठी रस्ता आहे, म्हंजे गाव आहे."

मी आजींच्या हाताला मलम लावलं. मला बाबूजींवर ओरडायचं होतं. ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, बांधल्याने माणूस कसा जास्त बिथरतो, कातडी कशी जाते. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी सहा वाजता घरी जाता. मंग मी काय करू ते सांगा." मी मलमाच्या डबीला झाकण लावलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मावशींच्या गावी गेले. त्या धानाच्या बांधीतून परतत होत्या, पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. मला पाहून थांबल्या नाहीत. मी त्यांच्यामागे घरापर्यंत गेले, ओसरीवर उभी राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं."

त्यांनी पाय धुतले. मग पाण्याचा पेला दिला.

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त तुमी मानलं असतं काय?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "अन् बाबूजीचं नाव घेऊ काय तुमच्यासमोर? म्हातारा मानूस रडते."

"आणि पायाचा चिखल?"

मावशी माझ्यासमोर ओसरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी नेत होती तिले. पाहाटे, बाबूजी झोपले का. त्याइले डोळा लागते थोडासा तवा. मीच हात सोडो अन् मीच नेऊन आनो. काठापर्यंत. पानी दिसलं का ते उभी राहते. पाय बुडवते. मंग आपनच म्हनते, चाल. दिवसभर मंग शांत राहते. तुमाले ते शांत भेटे ना सकाळी? ते कायनं होती, तुमाले वाटलं?"

मला वाटलं होतं, त्या माझ्या कामामुळे शांत असतात. वहीत तसं लिहिलंही होतं.

"पन चार वाजता मी नसो," त्या म्हणाल्या. "चारलेबी न्या लागते तिले. तुमी कधी नेलं नाही."

मी त्यांना परत या म्हणाले. त्या म्हणाल्या, धान कापून होईपर्यंत नाही. बहाणा नव्हता, मजुरी लागलेली होती. त्यांच्याशिवायचे ते पाच आठवडे मला कसे काढायचे होते ते त्यांनी मला ओसरीवर बसवून समजावलं. हात धरायचा नाही, आजींनी आपला हात धरला पाहिजे. समोरून अडवायचं नाही, बाजूने चालायचं. बोलायचं ते माहेराचंच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वरची कडी काढली. बाबूजी दारात आडवे उभे राहिले.

"नेऊ नका."

"तुम्ही पण चला," मी म्हणाले.

ते चपला न घालताच आले. आजी उन्हात डोळे बारीक करून उभ्या राहिल्या आणि मग चालू लागल्या, इतक्या भरभर की मला जवळजवळ पळावं लागलं. दिवाळी तोंडावर होती. पाणी रस्त्यावर जिथे सुरू होत होतं तिथे वाऱ्याने फेस आणि जलपर्णी ढकलून आणली होती. आजींनी माझं मनगट पकडलं. त्यांच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या पाण्यात शिरल्या आणि मी त्यांच्यासोबत शिरले, कारण हात सोडवला असता तर त्या एकट्या गेल्या असत्या. पाणी घोट्याला लागलं, मग पिंढरीला. पायाखाली डांबर होतं, गुळगुळीत, शेवाळलेलं. मागे बाबूजी त्यांच्या नावाने हाका मारत होते. मला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि त्या अजून ओढतच होत्या. मावशींनी सांगितलं होतं, आजी काठाशी थांबतात. त्या थांबत नव्हत्या.

मला दुसरं काही सुचलं नाही. "आजी, कोणाकडे जायचं आहे आधी?" मी विचारलं.

त्या थांबल्या. पाण्याकडे बघितलं. मग बोट दाखवून, जिथे काही नव्हतं तिथे, म्हणाल्या, "ते पहा. मोठ्या काकाचं घर. त्याच्या मांगं आमचं." मग विहीर कुठे आहे ते दाखवलं. चिंच कुठे आहे, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची जागा कुठे, कोणाची सून भांडखोर. मी विचारत राहिले. त्या सांगत राहिल्या. हाताची पकड सैल होत गेली. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. पाय गार पडले होते. शेवटी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुह्या लुगड्याले पानी लागलं. चाल घरी."

मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

काठावर बाबूजी खाली बसले होते. आजींनी त्यांना ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्यांच्याजवळून जाताना म्हणाल्या, "उठा, चिखलात काहून बसले?"

त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. रात्री बाबूजींनी पट्टी बांधली नाही. ते मला सकाळी त्यांनी सांगितलं नाही, मला दिसलं.

धान कापून झाल्यावर मावशी परत आल्या. मग आम्ही दिवस वाटून घेतला. पहाट त्यांची, दुपार माझी. दोघी मिळून आम्ही उतारावर एक बांबूचा कठडा उभा केला, त्याच्या पुढे जायचं नाही. पाणी वर आलं की कठडा मागे घ्यायचा. काही दिवस आजी कठड्याला धरून तासन्‌तास बोलायच्या, काही दिवस एक अक्षर नाही. असे दिवस वाईट असत. तेव्हा त्या पाण्याकडे अशा बघायच्या की मला त्यांच्या कमरेला हात घालून उभं राहावंसं वाटे. मी भीत होते, शेवटपर्यंत. हे काम असंच असतं हे मला तिथे कळलं. दवाखान्यात मृत्यू दारातून आत यायचा, आपण धावायचो. इथे तो अंगणापलीकडे रोज दिसत होता, आणि रोज चार वाजता त्याच्या काठापर्यंत जाऊन, बोलून, परत यायचं होतं. परत आलो की त्यांचे पाय गरम पाण्याने धुवायचे, बोटांच्या मधलं कोरडं करायचं. ते पाय धुताना मला जे वाटायचं ते दवाखान्यात नऊ वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. मी त्याला नाव देऊ शकत नाही. एवढंच की सहा महिने कधी संपले ते मी मोजले नाहीत.

अडीच वर्षं गेली. आधी त्यांचं चालणं गेलं, मग बोलणं. चालणं गेल्यावर आम्ही त्यांना खुर्चीवर ओसरीत बसवायचो, तोंड उताराकडे. मग घास गिळणं जड झालं. प्रत्येक पायरी मला आधी दिसायची आणि मी बाबूजींना आधी सांगायची, कारण त्यांनी तसं सांगायला लावलं होतं. "अचानक नको," ते म्हणायचे. पेज चमच्याने भरवायला पाऊण तास लागायचा. मावशी त्यांच्याशी माहेरचं बोलायच्या, घरं ओळीने सांगायच्या, आजींनीच सांगितलेली. आजींचे ओठ कधीतरी हलायचे. उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, एका सकाळी मावशींच्या मांडीवर त्या गेल्या. पाठीवर एकही जखम नव्हती. इतके महिने अंथरुणात काढलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते नर्सलाच कळतं.

पुण्याहून मुलगा आला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तो गेला. मी पवनीत दुसरं काम धरलं.

दीड महिन्याने मी बाबूजींना भेटायला गेले. ते ओसरीत बसले होते, दाढी केलेली, कपडे स्वच्छ. मला बघून खुश झाले. चहा केला. चहात मीठ होतं. मी तसाच प्यायले.

"मुलगा मधे येऊन गेला का?" मी विचारलं.

"कायले आला असता?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने मला म्हणाले, "तुमी आज उशिरा आल्या. ते जेवून झोपली."

आत मावशी भांडी घासत होत्या. कोणी बोलावलं नसताना त्या रोज येऊन जात होत्या. त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला मी ओळखते.

"कधीपासून?" मी हळू विचारलं.

"पंधरा दिवस झाले. काल गेट उघडं टाकून शाळेपर्यंत गेले होते. जवाहरनगरची बस कवा येते म्हनून इचारत होते मास्तरले."

बाहेर बाबूजी खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला. पाऊस आठवड्यावर आला होता. मावशींनी माझ्या हातातला कप घेतला.

"तुमचं ते पवनीचं काम कितीक दिवसाचं हाये?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, सोमवारपासून येते.